काट्यावरची रिकामी जागा

“आज गँगमध्ये माणसं किती होती?” देवकर साहेबांनी मला विचारलं, तेव्हा त्यांच्या बुटाच्या टाचेला लिंबाजीचं रक्त होतं. केबिनच्या पायरीपासून माझ्या टेबलापर्यंत चार ठसे उमटले होते. मी त्या ठशांकडेच बघत होतो.

“सात,” मी म्हणालो.

त्यांनी कानाखाली ओढली. माझा चष्मा उडून प्रिंटरवर पडला.

“किती?”

“सात, साहेब. चाँदभाई मुकादम, त्याचा मेहुणा, ते वाडीचे चौघं, आन् लिंबाजी.”

दुसरी बसली. ओठ फुटला.

“सहा,” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “लिंबाजी खरात आज कामावर आलाच नव्हता. लाइट जायच्या सुमारास तो मागची भिंत चढून आत आला, तांब्याची वायर चोरायला. मॅग्नेटखाली घुसला आणि मेला. चोर होता. कळलं?”

“भिंत बारा फूट हाय, साहेब.”

“चोराला बारा फूट म्हणजे काय.”

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळया काढणारी ती मिल. देवकर तिथले मॅनेजर आणि मी, मारोती साळवे, काटेवाला. भंगाराची गाडी भरलेली आली की तोलायची, रिकामी झाली की पुन्हा तोलायची, मधला फरक म्हणजे माल. हेच माझं काम, तोवर बारा वर्षांचं. त्यातली अकरा जुन्या काट्यावर गेली, शेवटचं एक डिजिटलवर.

जुना काटा म्हणजे लोखंडी दांडी, तिच्यावर सरकणारं वजन आणि प्लेटीखालच्या खड्ड्यात तरफा. त्या दांडीला माझी बोटं कळायची. करंगळी टेकवली की पन्नास किलो इकडचे तिकडे. ड्रायव्हर खड्ड्यात पहार अडकवून लबाडी करायचे, मी वर बसून करायचो, आणि कोणाच्या बाजूनं करायची ते देवकर साहेब डोळ्यांनी सांगायचे. यात लाजण्यासारखं काही आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं. उलट माझ्या बोटांचा मला माज होता.

मग नवा काटा बसला. प्लेटीखाली वजन टिपणारे सहा लोडसेल, त्यांच्या वायरी सील केलेल्या, आणि केबिनमध्ये लाल आकड्यांचा डबा. गाडी चढली, आकडा थांबला, बटण दाबलं की चिठ्ठी बाहेर. चिठ्ठीचा नंबर, तारीख, वेळ, वजन. बसवायला आलेला इंजिनियर पोरगा म्हणाला, “काका, आता तुम्ही हात बांधून बसा. ह्याला हात लागतच नाही.” मी त्याला मनातल्या मनात आईवरनं शिवी दिली.

एक गोष्ट मात्र मी सोडली नाही. सकाळी पहिल्या गाडीच्या आधी हमालांची गँग काट्यावर चढवायची. तपासणीची सरकारी वजनं वर्षातनं एकदा यायची. रोजची आमची तपासणी म्हणजे ही माणसं. आधी चारी कोपऱ्यांवर, मग मधोमध उभी करायची. आकडा सगळीकडे सारखा आला की काटा खरा. इंजिनियर हसला होता, म्हणाला मशीन स्वतःला स्वतःच तपासतं. तपासू दे. गँगलाही त्या चढण्याची सवय झालेली. प्रत्येकाची जागा ठरलेली, पुढं तीन, मागं चार. लिंबाजी मागच्या ओळीत, डावीकडनं दुसरा.

गाडीचा नंबर टाकल्याशिवाय मशीन चिठ्ठी देत नसे. म्हणून नंबराच्या जागी मी टाईप करायचो, गँग सात.

“मारोतीभाऊ,” लिंबाजी खालून ओरडायचा, “आमचं पासिंग कुठलं म्हणायचं? चौदा टायरी गाडी हाय.”

“तुझं एक टायर पंक्चर हाय, सरळ उभा राहा.”

त्या दिवशीही हेच झालं. सकाळी आठ वाजून पाच मिनिटं. गँग सात. चारशे तीस किलो.

त्या काळात जालन्यात रोज पाच-सहा तास लोडशेडिंग होतं. वेळापत्रकात त्या दिवशी साडेअकरा लिहिलं होतं. अकराच्या पुढं देवकर साहेब यार्डात उभे राहून घाई करत होते, “लाइट जायच्या आत गाडी मोकळी करा. हला.” क्रेनला मॅग्नेट होता, म्हशीएवढी लोखंडी थाळी. करंट आहे तोवर दीड टन भंगार छातीशी धरल्यासारखं धरते. करंट गेला की सोडते. खाली माणूस थांबवायचा नाही हे सगळ्यांना ठाऊक. पण गाडीच्या फाळक्यात एक पत्रा अडकला होता आणि तो सोडवायला लिंबाजी खाली गेला. साहेबांनीच पाठवला. मी खिडकीतून ऐकलं.

लाइट गेली अकरा वाजून वीस मिनिटांनी. दहा मिनिटं आधी.

केबिनमधला पंखा थांबला. भट्टीचा आवाज बसत गेला. माझ्या डब्यावरचे लाल आकडे मात्र तसेच पेटलेले होते. मी त्या आकड्यांकडे बघत असतानाच बाहेर तो आवाज झाला.

मी पोचलो तेव्हा चाँदभाई दोन्ही हातांनी लोखंड उपसत होता. त्याच्या तळव्यांची सालटी लोंबत होती. कापलेली चेसिस, पाइप, पत्रे, सगळा ढीग. त्यातनं लिंबाजीचा उजवा पाय बाहेर होता, आणि तो हलत होता. क्रेन मेलेली, उचलायला काहीच नाही. आम्ही सात-आठ माणसं हातांनी दीड टन ओढत होतो. पाय दोनेक मिनिटं हलला. मग चप्पल गळून पडली.

आम्ही त्याला बाहेर काढला तेव्हा वरचं अर्धं माणूस ओळखू येत नव्हतं. चाँदभाईचा मेहुणा बाजूला जाऊन ओकला. देवकर साहेब जवळ आले, वाकून बघितलं, आणि तसेच वळून काट्याच्या केबिनकडे चालू लागले. हजेरीचं रजिस्टर त्यांच्याच टेबलावर असायचं, अंगठे संध्याकाळी घ्यायचे. तिथं लिंबाजीचा अंगठा आता लागणार नव्हता. त्याच्या येण्याची दुसरी नोंद मिलमध्ये एकाच ठिकाणी होती, आणि ती माझ्याकडे.

त्यांनी फाइलमधनं सकाळची पहिली चिठ्ठी ओढून काढली, काडी लावली, आणि माझ्या चहाच्या कपात टाकली.

“मशीनमधनं काढ.”

“निघत न्हाई, साहेब. पासवर्ड कंपनीच्या इंजिनियरकडं असतो.”

“मशीनमध्ये कोण बघतंय.” ते दारापर्यंत गेले आणि थांबले. “तोंड उघडायच्या आधी एक आठव, साळवे. लाइट नसताना हे तुझे आकडे कशावर चालतात?”

मी आठवलं. नजर टेबलाखाली गेली.

दुपारी तीनला लिंबाजीची बायको, कौतिका, गेटवर आली. हातात डबा. तिला कोणीतरी एवढंच सांगितलं होतं की लिंबाजीला लागलंय. वॉचमन रघूनं तिला बाहेरच अडवलं.

“बॉडी सरकारी दवाखान्यात गेली,” रघू म्हणाला. “आन् इथं बोंबलू नको. चोरी करताना मेलाय तो.”

तिनं डब्याची साखळी मनगटाला गुंडाळली आणि डबा त्याच्या तोंडावर हाणला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. रघूच्या नाकाचं हाड वाजलेलं मी ऐकलं. भाजी त्याच्या वर्दीवर सांडली. तो धडपडत उठला, तिचे केस धरले आणि तिला गेटवर आपटली. तिच्या भुवईवरनं रक्त डोळ्यात उतरलं. दोन ड्रायव्हर मध्ये पडले म्हणून सुटली.

तिनं मला बघितलं. मी केबिनच्या पायरीवर उभा होतो.

“मारोतीभाऊ,” ती म्हणाली, “सकाळी त्यो कामावर आला होता का न्हाई? तुमीच तर रोज चढवता त्यायला. तुमी तरी सांगा.”

वीस-पंचवीस माणसं माझ्याकडे बघत होती. चाँदभाई बघत होता, हाताला चिंध्या बांधलेल्या. मी आत गेलो आणि दार लावून घेतलं. ती कडी माझ्याच हातानं लागली, दुसऱ्या कोणाच्या नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला औरंगाबादहून कारखाना निरीक्षक आल्या. कुलथे मॅडम. बारकी बाई, पायात कॅनव्हासचे बूट, फार बोलत नसत. त्यांनी यार्ड बघितलं, क्रेन बघितली, भिंत बघितली. भिंतीशी जरा जास्तच वेळ थांबल्या. गँगला विचारलं. चाँदभाई म्हणाला, “आम्ही सहा होतो.” ते सांगताना तो आपल्या तळव्यांकडे बघत होता. पाचही माणसांनी मान हलवली. रोजी कोणाला नको असते.

मग त्या माझ्या केबिनमध्ये आल्या. त्या वेळी कुठली गाडी उतरत होती हे बघायला त्यांना कालच्या चिठ्ठ्या हव्या होत्या. देवकर साहेब माझ्या मागे उभे. त्यांचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर.

मॅडमनी चिठ्ठ्या चाळल्या. पुन्हा पहिल्यापासून चाळल्या.

“परवाची शेवटची चार हजार चारशे दहा. कालची पहिली चार हजार चारशे बारा. अकरा कुठंय?”

“कागद अडकतो हो,” देवकर साहेब म्हणाले. “फाटली असेल. नवीन मशीन, त्रास फार.”

“मशीन पुन्हा काढून देतं ना?” त्यांनी मला विचारलं. देवकरांना नाही, मला.

इथं मी काही धाडस केलं असं कोणी समजू नये. जुना काटा असता तर मी दांडीकडे बघून म्हणालो असतो, वजन आठवत नाही, आणि ते खपलं असतं. अकरा वर्षं तेच खपवलं होतं. पण हा डबा माझ्यासमोर पेटलेला होता. त्याच्यात अकरा नंबर होता, तो तिथं आहे हे मला ठाऊक होतं, आणि आता त्या बाईलाही. मी बटण दाबलं नसतं तर तिनं दाबलं असतं.

मी चार, चार, एक, एक दाबलं.

प्रिंटर करकरला. मॅडमनी कागद फाडून घेतला आणि मोठ्यानं वाचला. “आठ वाजून पाच. गाडी नंबर, गँग सात. चारशे तीस किलो. ही कसली गाडी?”

“टेस्टिंग,” देवकर म्हणाले. “हमाल उभे करतात. सातवा कोणी ड्रायव्हर असेल.”

“मग आज उभे करा.”

चाँदभाईची गँग प्लेटीवर चढली. मी खिडकीतून बघत होतो. आकडा पळाला आणि थांबला. तीनशे साठ. लाल, स्वच्छ, जागचा न हलणारा. मी हात मांडीखाली दाबून बसलो होतो. हाताचा काही संबंधच नव्हता.

पण मॅडम आकड्याकडे बघत नव्हत्या. त्या खिडकीतून प्लेटीकडे बघत होत्या.

पुढं तीन माणसं उभी होती. मागं तीन. आणि मागच्या ओळीत, डावीकडनं पहिल्या माणसाच्या शेजारी, एका माणसाची जागा मोकळी होती. त्यांना कोणी तसं उभं राहायला सांगितलं नव्हतं. वर्षानुवर्षांच्या सवयीनं जो तो आपापल्या जागी जाऊन उभा राहिला होता.

मॅडम खाली उतरल्या, प्लेटीवर गेल्या आणि त्या मोकळ्या जागेकडे बोट केलं.

“इथं कोण असतं?”

शेजारी उभा असलेला वाडीचा पोचिराम त्या जागेकडे बघून जरासा सरकला, जणू कोणाच्या पायावर पाय पडला. आणि चाँदभाई मटकन खाली बसला. प्लेटीवरच.

“लिंबाजी, मॅडम,” तो म्हणाला. “काल हितंच होता. हसत होता. गेटातनं आलाय तो, आमच्या संगं. चोर न्हाई.” मग त्यानं चिंध्या बांधलेले हात आपल्या तोंडावर मारून घेतले, पुन्हा पुन्हा, “सहा म्हणालो मी, सहा म्हणालो,” असं म्हणत, आणि पाचजणांना ते हात धरवेनात.

मॅडमनी तिथंच सगळ्यांचे जबाब घेतले. चिठ्ठी पिशवीत घातली. मॅग्नेटच्या राखीव बॅटऱ्यांबद्दल त्यांनी विचारलं तेव्हा देवकर साहेब म्हणाले, “दुरुस्तीला गेल्यात, मॅडम, दीड महिना झाला.” त्यांनी ते लिहून घेतलं. मी ऐकलं आणि काही बोललो नाही.

मॅडमची जीप गेटबाहेर पडली आणि अर्ध्या तासात मला उचललं. भर दुपारी एक वाजता, भंगाराच्या ढिगामागे. रघू, नाकावर पट्टी, आणि आणखी दोघं. तिथं जुन्या काट्याची लोखंडी वजनं गंजत पडली होती, वीस-वीस किलोची. त्यांनी माझा उजवा हात एका वजनावर पसरवून धरला. देवकर साहेब जरा लांब उभे होते, रुमालानं मान पुसत.

“लिहून दे,” ते म्हणाले. “चिठ्ठी तू चुकीची टाईप केलीस. गँग सहाच होती.”

“वजन कोण टाईप करतं, साहेब? ते आपोआप पडतं.”

रघूनं दुसरं वजन उचललं आणि सोडलं.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. ज्या करंगळीनं मी अकरा वर्षं दांडी दाबली तीच. हाड मोडल्याचा आवाज ओल्या फांदीसारखा आला. मी ओरडलो, मग ओरडणं तोंडातच राहिलं कारण कोणीतरी त्यात चिंधी कोंबली. रघूनं वजन पुन्हा उचललं. त्याला कौतिकाच्या डब्याचा हिशेब माझ्या हातावर चुकता करायचा होता. दुसऱ्यांदा वजन पडलं तेव्हा मला काही दिसेनासं झालं.

“हे बघ,” देवकर साहेब माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “चोर नव्हता, ठीक. अपघात होता. लाइट गेली, त्याला कोण काय करणार. तू एवढ्यावर थांब, मीही थांबतो. तुझं माझं दोघांचंही यातच भलं आहे. कळलं ना मी काय म्हणतो?”

मला कळलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी वाडीला गेलो, लिंबाजीच्या घरी. हात गळ्यात बांधलेला. कौतिका अंगणात बसली होती, भुवईवर टाके. आदल्या दिवशी चाँदभाई येऊन सगळं सांगून गेला होता. तिनं मला बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. मॅडम गेल्या गेल्या मी तिच्यासाठी चिठ्ठीची एक प्रत काढून ठेवली होती, ती दिली.

तिनं ती उलटीसुलटी केली. “ह्यात त्याचं किती?”

“सत्तर.”

“सत्तर,” ती म्हणाली, आणि अंगठा चिठ्ठीवरच्या चारशे तीसवर ठेवून बसली. “लई केलंत, भाऊ. हात गेला तुमचा.”

मला तिथंच उठून जाता आलं असतं. ती मला वाटेला लावायला आली असती. गावात माझं नाव झालं असतं. मी पाणी प्यायलो, तांब्या खाली ठेवला.

“वहिनी, मॅग्नेटला बॅटऱ्या असतात. लाइट गेली तरी थाळी लोखंड सोडत न्हाई. अठरा असतात.”

तिनं अंगठा आकड्यावरनं उचलला.

“नवा काटा लाइटीवर चालतो. लोडशेडिंगमधी बंद पडायचा. गाड्यांची रांग लागायची, ड्रायव्हर मला आयमायवरनं शिव्या द्यायचे, म्हणायचे जुनाच बरा होता. मी साहेबाच्या मागं लागलो. दीड महिन्यापूर्वी त्यायनं मॅग्नेटच्या चार बॅटऱ्या काढून मला दिल्या. चार गेल्यावर बाकीच्या कामाच्या न्हाई राहिल्या. मला माहीत होतं. वायरमननं सांगितलं होतं. मी म्हणालो, बघू. त्या बॅटऱ्या मी माझ्या खांद्यावरनं नेल्या, वहिनी. त्या अजून माझ्या टेबलाखाली हायत. लिंबाजी मेला तेव्हा माझे आकडे चालू होते.”

तिनं चिठ्ठीची घडी घातली. पुन्हा एक घडी घातली. मग उठली, आणि माझ्या समोरचा तांब्या उचलून त्यातलं उरलेलं पाणी अंगणात ओतून दिलं. मला वाटलं मारेल. मी मान खाली घालून बसलो, मारलं असतं तर बरं झालं असतं.

“त्या बाईला सांगितलं हे?”

“न्हाई.”

“कामून?”

मी गळ्यात बांधलेल्या हाताकडे बघितलं.

“चिठ्ठी मशीननं दिली,” ती म्हणाली. “तुमी काय दिलं?”

ती आत गेली. दार तिनं लावलं नाही, उघडंच ठेवलं, आणि आतून म्हणाली, “औरंगाबादची यष्टी फाट्यावर दोनला येती.”

मी दोनची एसटी धरली. कुलथे मॅडमच्या टेबलासमोर उभं राहून सगळं सांगितलं, सही डाव्या हातानं केली. माझ्यावर खटला झाला, देवकरांवरही झाला. मी सहा महिने आत होतो. ते जामिनावर बाहेर राहिले आणि दुसऱ्या मिलला लागले. रघूला कोणी काही विचारलंच नाही.

आता मी एका वजनकाट्यावरच आहे, दुसऱ्या तालुक्यात. मशीन चांगलं आहे, कधी खोटं बोलत नाही. लोक मला त्याचे फायदे विचारतात, मी सांगतो. सकाळी गँग चढवतो. कोणाला कुठं उभं राहायचं ते सांगत नाही. ज्याची त्याची जागा आठवड्याभरात आपोआप ठरते. आणि टेबलाखाली बॅटऱ्या आहेत, माझ्या स्वतःच्या, कुणाच्या काढून आणलेल्या नाहीत. तरी लाइट जाते आणि आकडे पेटलेले राहतात, तेव्हा मी उठून बाहेर जातो, आणि वर बघतो.